सप्टेंबर १७५२ चे अकरा दिवस

लिनक्स ही संगणकप्रणाली असलेला एखादा संगणक शाळेत असेल, तर त्यावर एक सोपा प्रयोग करता येईल. आज्ञा टंकण्याची खिडकी उघडावी. रोमन लिपीत ‘कॅल’ हा तीन अक्षरी शब्द टंकावा, मग थोडी जागा सोडून ९, पुन्हा जागा सोडून १७५२ असे आकडे द्यावेत आणि एन्टरची कळ दाबावी. ‘कॅल’ हे कॅलेंडरचे लघुरूप आहे. आपण संगणकाकडे सन १७५२ मधला नववा महिना मागितला. पडद्यावर जे उमटते त्याचे मराठी रूप असे होईल :

र  सो  मं  बु  गु  शु  श
–  –  १  २  १४  १५  १६
१७  १८  १९  २०  २१  २२  २३
२४  २५  २६  २७  २८  २९  ३०

दोन तारखेनंतर एकदम चौदा तारीख! संगणक चुकला, असेच कोणालाही प्रथम वाटेल. पण जरा बारकाईने पाहा. २ तारखेला बुधवार आहे आणि १४ तारखेला गुरुवार. वारांची साखळी कुठेही तुटलेली नाही, तुटली आहे ती फक्त आकड्यांची. आपल्या पंचांगात एखाद्या तिथीचा क्षय होतो तेव्हा दिवस नाहीसा होत नाही, त्याला त्या तिथीचे नाव मिळत नाही इतकेच. इथेही तसेच झाले आहे, फक्त एकाच वेळी अकरा तारखांचा क्षय झाला आहे.

या अकरा तारखा एका छोट्या आज्ञेत कशा शिरल्या, तिथे इतकी वर्षे कशा टिकल्या आणि लिनक्सच्या अलीकडच्या आवृत्त्यांनी त्यांचे काय केले, याचा इतिहास पाहण्यासारखा आहे. त्याचा एक धागा आपल्या रायगडापर्यंत येतो.

तारखा कुठे गेल्या?

ज्युलियस सीझरने इसवी सनापूर्वी ४५ मध्ये जे कॅलेंडर सुरू केले, त्यात दर चौथे वर्ष लीप वर्ष होते. म्हणजे वर्षाची सरासरी लांबी ३६५.२५ दिवस झाली. ऋतुचक्राचे वर्ष मात्र सुमारे ३६५.२४२२ दिवसांचे असते. फरक वर्षाला जेमतेम ११ मिनिटांचा. पण ही ११ मिनिटे साचत जातात आणि सुमारे १२८ वर्षांत एक दिवसाची चूक होते. सोळाव्या शतकापर्यंत वसंतसंपात २१ मार्चऐवजी ११ मार्चच्या आसपास येऊ लागला होता.

पोप तेरावा ग्रेगरी याने १५८२ मध्ये ही चूक दुरुस्त केली. त्या वर्षी ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवसाला १५ ऑक्टोबर म्हटले गेले. पुढे चूक साचू नये म्हणून शतकपूर्तीच्या वर्षांना नवा नियम लावला. ४०० ने भाग जात असेल तरच ते लीप वर्ष. म्हणून १६०० आणि २००० ही लीप वर्षे, तर १७००, १८०० आणि १९०० ही साधी.

इटली, स्पेन, पोर्तुगाल या कॅथलिक देशांनी हा बदल लगेच स्वीकारला. हॉलंडनेही तो लवकरच मान्य केला. प्रॉटेस्टंट इंग्लंडला मात्र पोपचे कॅलेंडर घ्यायला १७० वर्षे लागली. दरम्यान १७०० हे वर्ष जुन्या पद्धतीने लीप धरले गेल्यामुळे फरक १० दिवसांवरून ११ दिवसांवर गेला होता. ब्रिटिश संसदेने १७५० मध्ये केलेल्या कायद्यानुसार २ सप्टेंबर १७५२ नंतरचा दिवस १४ सप्टेंबर ठरला. लोकांनी ‘आमचे अकरा दिवस परत द्या’ म्हणत दंगली केल्या असे अनेक पुस्तकांत वाचायला मिळते. इतिहासकारांना त्याचा भक्कम पुरावा सापडलेला नाही. हॉगार्थ या चित्रकाराच्या एका व्यंगचित्रासारख्या चित्रातून ही कथा पसरली असावी, असे मानले जाते.

याच कायद्याने आणखी एक बदल केला. इंग्लंडमध्ये तोवर वर्षारंभ २५ मार्चला होत असे, तो १ जानेवारीला आणला गेला. त्यामुळे इंग्लंडचे १७५१ हे वर्ष २५ मार्चला सुरू होऊन ३१ डिसेंबरलाच संपले. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचा जन्म जुन्या नोंदीप्रमाणे ११ फेब्रुवारी १७३१ चा. आज तो २२ फेब्रुवारी १७३२ म्हणून सांगितला जातो. दिवसही बदलला आणि सालही!

हा कायदा ब्रिटनच्या युरोप, आशिया, आफ्रिका आणि अमेरिका या चारही खंडांतल्या ताब्यातील प्रदेशांना लागू होता. म्हणजे तेव्हाच्या मुंबईलाही.

न्यू जर्सीतली आज्ञा

आता तिथून दोनशे वर्षे पुढे येऊ. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात बेल लॅबोरेटरीज ही टेलिफोन कंपनीची संशोधन संस्था होती. तिथे केन थॉम्पसन, डेनिस रिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ पासून युनिक्स ही संगणकप्रणाली घडवली. तिच्या माहितीपुस्तिकेची पहिली आवृत्ती नोव्हेंबर १९७१ ची आहे.

युनिक्समागचा विचार सुताराच्या पेटीसारखा होता. सगळी कामे करणारे एकच अवजड यंत्र बनवण्याऐवजी लहान लहान हत्यारे करायची. एकाने ओळी मोजाव्यात, दुसऱ्याने त्या क्रमाने लावाव्यात, तिसऱ्याने हवा तो शब्द शोधावा. डग्लस मॅक्इलरॉय यांच्या आग्रहातून १९७३ मध्ये ‘पाईप’ची सोय आली. तिच्यामुळे एका हत्यारातून निघालेला मजकूर थेट दुसऱ्यात सोडता येऊ लागला. कॅल हे त्याच पेटीतले एक चिमुकले हत्यार. महिना आणि साल सांगा, पान दाखवते.

पण जे हत्यार इसवी सन १ पासून ९९९९ पर्यंतचे कोणतेही साल दाखवणार, त्याला एक प्रश्न टाळता येत नाही. जुन्या कॅलेंडरमधून नव्यात उडी नेमकी कधी मारायची? रोमची उडी १५८२ ची, लंडनची १७५२ ची, रशियाची १९१८ ची. कॅल लिहिणाऱ्यांनी लंडनची तारीख निवडली. त्यांच्या दृष्टीने ते स्वाभाविकच होते. १७५२ मध्ये न्यू जर्सी ही ब्रिटिश वसाहत होती आणि त्यांच्या देशाच्या इतिहासात उडी तिथेच पडली होती.

हे त्यांनी नकळत केले असेही नाही. युनिक्सची सातवी आवृत्ती १९७९ ची. तिच्या माहितीपुस्तिकेत कॅलच्या पानावर ‘सप्टेंबर १७५२ मागून पाहा’ अशा अर्थाची मिश्कील सूचना आहे. त्याच पानावर ‘दोष’ या मथळ्याखाली एक कबुलीही आहे. वर्ष नेहमी जानेवारीतच सुरू होते असे ही आज्ञा धरून चालते आणि इतिहासाच्या दृष्टीने ते भाबडेपणाचे आहे, असा तिचा आशय. वॉशिंग्टन यांच्या सालाचा घोळ आपण पाहिलाच. आपल्या वस्तूचे दोष वस्तूबरोबरच छापून द्यायचे, ही युनिक्सच्या पुस्तिकांची रीत शाळेच्या प्रयोगवहीतही शोभून दिसेल.

मात्र परिणाम असा झाला की युनिक्स जिथे गेले तिथे लंडनचा सप्टेंबरही गेला. लिस्बनमध्ये कोणी ऑक्टोबर १५८२ मागितला तर पूर्ण ३१ दिवसांचा महिना येई. मॉस्कोत फेब्रुवारी १९१८ मागितला तरी पूर्ण महिना येई. प्रत्यक्षात रशियात त्या वर्षी ३१ जानेवारीनंतर थेट १४ फेब्रुवारी उजाडला होता.

लिनक्सच्या पेटीत

फिनलंडमधला विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स याने १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. गाभा म्हणजे संगणकाची स्मृती, चकती, कळफलक यांचा कारभार पाहणारा भाग. नुसत्या गाभ्याने माणसाचे काम होत नाही, हाताशी हत्यारे लागतात. त्यांतली बरीचशी रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पातून आली. उरलेल्यांपैकी पुष्कळशी ‘यूटिल-लिनक्स’ नावाच्या संचात १९९० च्या दशकात एकत्र झाली. चकतीचे भाग पाडणे, ते वापरासाठी जोडणे, गाभ्याचे निरोप वाचणे अशी रोजच्या व्यवस्थेची कामे हा संच करतो. कॅलही त्यातच आहे.

हे कॅल बेल लॅबोरेटरीजचे मूळ नव्हे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत युनिक्सची वेगळी शाखा वाढली होती. १९८९ च्या सुमारास तिथे लिहिलेले कॅल लिनक्समध्ये आले. हत्यार नव्याने घडवले तरी सप्टेंबर १७५२ तसाच राहिला. त्या प्रोग्रॅममध्ये ३ सप्टेंबर १७५२ हा गहाळ झालेला पहिला दिवस आणि ‘गहाळ दिवस ११’ असे दोन आकडे कायमचे लिहून ठेवलेले होते. वापरणाऱ्याला ते दिसत नसत आणि बदलताही येत नसत.

नव्या आवृत्तीने काय दिले?

यूटिल-लिनक्सच्या आवृत्त्या नियमाने निघत असतात. कॅलमध्येही हळूहळू भर पडत गेली. आठवडा सोमवारी सुरू करणे, आठवड्यांचे क्रमांक दाखवणे, मागचा-पुढचा महिना शेजारी मांडणे, आजची तारीख उठून दिसेल अशी रंगवणे, वार उभ्या रांगेत लिहिणे. या सोयी उपयोगी आहेत, पण इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची भर वेगळीच आहे. २०१० नंतरच्या दशकात कॅलला ‘रिफॉर्म’ नावाचा पर्याय मिळाला.

रिफॉर्म म्हणजे कॅलेंडरची सुधारणा. आज्ञेपुढे हा पर्याय लिहून सुधारणेची तारीख आपण सांगायची. ‘१७५२’ म्हटले तर नेहमीचे पान. ‘ज्युलियन’ म्हटले तर सर्व काळ जुन्या पद्धतीने. ‘ग्रेगोरियन’ म्हटले तर सर्व काळ नव्या पद्धतीने, अगदी पोप ग्रेगरी जन्मण्यापूर्वीची शतकेसुद्धा. तारखांच्या देवाणघेवाणीचे आंतरराष्ट्रीय मानक ही शेवटची पद्धत धरते.

मग चूक कळल्यावर जुनी रीत काढूनच का टाकली नाही? काहीच न सांगता नुसते ‘कॅल ९ १७५२’ टंकले तर आजही अकरा तारखा गायब होतातच. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. अशा आज्ञा माणसे जितकी वापरतात, त्याहून अधिक इतर प्रोग्रॅम वापरतात. कोणीतरी वीस वर्षांपूर्वी लिहिलेली आज्ञांची यादी दररोज मध्यरात्री कुठेतरी मुकाट चालत असते. आज्ञेचे उत्तर बदलले तर ती यादी बंद पडेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे चुकीचे उत्तर देत राहील आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही. म्हणून शक्यतो जुने वर्तन तसेच ठेवायचे आणि नवे मागणाऱ्यालाच द्यायचे, हा या संचाचा शिरस्ता. आकडा तोच राहिला, पण आता तो उघड्यावर आला आणि कोणीतरी केलेली ती एक निवड आहे हे वापरणाऱ्याला कळू लागले.

रायगडावरचा शनिवार

या पर्यायाचा आपल्याला काय उपयोग? सतराव्या शतकातली कोकणची किनारपट्टी डोळ्यांसमोर आणा. गोव्यात पोर्तुगीज होते, त्यांच्या पत्रांवर नव्या कॅलेंडरची तारीख. वेंगुर्ल्याच्या वखारीतले डचही नव्याच कॅलेंडरने चालत. सुरतेचे आणि मुंबईचे इंग्रज मात्र जुने कॅलेंडर वापरत. एकाच दिवशी लिहिलेल्या पत्रांत १० दिवसांचा फरक! शिवाय जानेवारीपासून २४ मार्चपर्यंतच्या इंग्रजी पत्रांवर साल मागचे असू शकते. म्हणून इंग्रज अशा तारखांना पुष्कळदा ‘१६७३-७४’ असे जोडसाल घालत.

छत्रपती शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ चा. मुंबईहून आलेला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन तेव्हा रायगडावर हजर होता. आपण सांगतो ती ६ जून १६७४ ही तारीख त्याच्या, म्हणजे जुन्या, कॅलेंडरची आहे. त्या दिवशी गोव्यात १६ जून होती.

कॅलला जून १६७४ मागा. ६ तारखेला शनिवार येतो. आता रिफॉर्म पर्यायात ‘ग्रेगोरियन’ लिहून तोच महिना मागा. ६ तारखेला बुधवार आणि १६ तारखेला शनिवार. दोन्ही पानांवरचा शनिवार एकच आहे, त्याला दोन नावे आहेत एवढेच. संगणकाने वार काढून तारीख ‘तपासली’ असे कोणी सांगितले, तर कोणत्या कॅलेंडरने तपासली हे आधी विचारावे लागते. आजचे अनेक प्रोग्रॅम मागच्या सर्व काळाला नवे कॅलेंडर लावतात. त्यांना विचारले तर ६ जून १६७४ बुधवारीच येणार आणि जुन्या कागदावरचा शनिवार खोटा वाटू लागणार. कागद खरा असतो, प्रश्न अपुरा असतो. आणखी एक खबरदारी हवी. पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, इंग्रजी तारीख मध्यरात्री. पहाटेची घटना असेल तर दोन्हींचे वार जुळतीलच असे नाही.

रिफॉर्मलाही मर्यादा आहेत, आणि कॅलच्या माहितीपानावर त्या नोंदवल्या आहेत. इतर देशांच्या सुधारणेच्या तारखा यात नाहीत. सौर हिजरी, इथिओपियाचे गीझ आणि हिंदू चांद्रसौर अशी इतर कॅलेंडरेही यात नाहीत. देशाप्रमाणे सुधारणेची तारीख निवडण्याची सोय ‘एनकॅल’ या वेगळ्या आज्ञेत आहे. ती फ्री-बीएसडी या बर्कलीच्या वारसदार प्रणालीत १९९० च्या दशकात तयार झाली. डेबियन व तिच्यावर बेतलेल्या लिनक्समध्ये हाच प्रोग्रॅम मिळतो, म्हणून तिथे पर्यायांची नावे वेगळी असतात. आपल्या पंचांगाचा प्रश्न अर्थातच अवघड आहे. तिथी चंद्र-सूर्यांच्या स्थानांवर ठरते, अधिकमास येतो, गावाप्रमाणे सूर्योदय बदलतो. दोन ठरलेले आकडे लिहून भागण्याजोगे ते काम नाही.

जिथे जुने ठेवता येत नाही

जुने वर्तन जपायचे हा शिरस्ता प्रत्येक वेळी पाळता येतोच असे नाही. याचेही उदाहरण कालगणनेतच सापडते.

युनिक्स वेळ मोजते ते एका ठरावीक क्षणापासून किती काळ गेला हे मोजून. पहिल्या आवृत्तीत १ जानेवारी १९७१ पासून सेकंदाचे साठावे भाग मोजले जात. ३२ द्विमान अंकांत मावणारी ही मोजणी सव्वादोन वर्षांतच भरून जाते. तेव्हा पुढे एकक बदलून पूर्ण सेकंद झाले आणि आरंभ १ जानेवारी १९७० ठरला. ३२ पैकी एक अंक धन-ऋण चिन्हासाठी गेला की उरलेल्या ३१ अंकांत जास्तीत जास्त २१४,७४,८३,६४७ सेकंद मावतात. ते १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेने सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी भरतील. पुढच्या सेकंदाला असा मोजक उलटून डिसेंबर १९०१ दाखवेल.

नव्या संगणकांत वेळ ६४ अंकांत मोजतात, त्यामुळे गाभ्यापुरता हा प्रश्न सुटला. पण कोणता वापरकर्ता शेवटचा कधी आत आला याची नोंद ठेवणाऱ्या ‘लास्टलॉग’ या फाईलमध्ये वेळेची जागा ३२ अंकांचीच राहिली होती. प्रत्येक नोंदीची लांबी ठरलेली, आणि अनेक जुने प्रोग्रॅम ती लांबी धरूनच वाचणार. जागा रुंद केली तर जुने वाचक चुकणार, नाही केली तर २०३८ मध्ये नोंदच चुकणार. इथे पर्याय जोडून भागत नाही.

मार्च २०२४ मध्ये निघालेल्या यूटिल-लिनक्सच्या २.४० या आवृत्तीत ‘लास्टलॉग२’ ही नवी आज्ञा आली. तिने फाईलची जुनी मांडणीच सोडली. नोंदी एका छोट्या माहितीकोशात ठेवल्या, वेळेला मोठी जागा दिली आणि जुन्या फाईलमधल्या नोंदी इकडे आणण्याचीही सोय केली. नाव बदलले हेही मुद्दामच, म्हणजे जुन्याच्या भरवशावर चालणाऱ्या प्रोग्रॅमची फसगत होत नाही. संगणकात एकाहून अधिक घड्याळे चालू असतात, ती सगळी ओळीने दाखवणारी ‘एलएसक्लॉक्स’ ही आज्ञाही याच आवृत्तीतली.

संसदेचा १७५० चा कायदाही असाच विचार करून लिहिलेला दिसतो. तारखा बदलल्या, पण कर्जाची, भाड्याची आणि कराराची मुदत प्रत्यक्ष उलटलेल्या दिवसांवरच मोजायची असे त्यात सांगितले होते. अकरा दिवसांचे भाडे कोणाला फुकट द्यावे लागू नये, ही काळजी घेतली होती. मोजण्याची रीत बदलताना जुन्या हिशेबांवर उभ्या असलेल्या लोकांचे काय, हा प्रश्न तेव्हाच्या कायदेपंडितांनाही पडला होता आणि आजच्या प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनाही पडतो. नव्या आवृत्तीबरोबर आलेली बदलांची यादी कंटाळवाणी वाटते. तिच्यात एखादी ओळ अशी असते की तिच्यामागे अडीचशे वर्षांचा इतिहास उभा असतो.

वर्गात करून पाहण्यासाठी

१. संगणक नसेल तरी कागदावर करता येईल. २ सप्टेंबर १७५२ च्या बुधवारपासून मागे मोजत, दर चौथे वर्ष लीप धरून, ६ जून १६७४ चा वार काढा.

२. १७०० साली फरक १० वरून ११ दिवसांवर गेला. रशियाला १९१८ मध्ये १३ दिवस का सोडावे लागले? २००० सालानंतर हा फरक का वाढला नाही?

३. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकातल्या १७५२ पूर्वीच्या पाच तारखांची यादी करा. प्रत्येक तारीख मुळात कोणी नोंदवली असेल? मराठी कागदाने, इंग्रजांच्या वखारीने की पोर्तुगिजांनी? त्यावरून ती कोणत्या कॅलेंडरची असेल, याचा तर्क करा आणि तो तर्क कसा तपासता येईल तेही लिहा.